आई-बाप नेहमीचे, पिल्लू गुलाबी: अल्बिनो प्राणी निसर्गातून संपत का नाहीत?

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या सोसायटीच्या मागच्या नाल्यात गुलाबी-पिवळट रंगाचा, लाल डोळ्यांचा साप सापडला. सर्पमित्र म्हणाले, दिवड आहे, पण अल्बिनो. त्या नाल्यातल्या बाकीच्या दिवडी नेहमीसारख्याच दिसतात, मग हीच अशी कशी? असा रंग जिवावर बेतत असेल तर निसर्गाने तो केव्हाच काढून टाकायला हवा होता ना? सोसायटीत काहीजण म्हणतात देवाचा साप आहे, ठेवून घ्या. काहीजण म्हणतात प्राणिसंग्रहालयात द्या. पांढऱ्या वाघासारखा तोही जपला जाईल. काय करावं?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात वेळ महत्त्वाचा आहे. दिवड जिथे सापडली त्याच्या जवळपास, पाणी आणि झुडपं असतील अशा जागी, ऊन उतरल्यावर सोडली जायला हवी. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि सर्पमित्रांकरवीच हे होऊ द्या. साप घरात किंवा देवळात ठेवून घेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही शुभ वाटो. प्राणिसंग्रहालयाला मी का नाही म्हणते, ते पुढे सांगते. त्यासाठी तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं लागेल, आणि मला तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. मुंबईत वन्यप्राण्यांवर उपचार करण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण "निसर्गाने हे काढून का टाकलं नाही" असं विचारणारे फार थोडे भेटतात.

आधी रंगाबद्दल. प्राण्यांच्या कातडीतला, केसांतला, पिसांतला काळा-तपकिरी रंग मेलॅनिन या द्रव्याचा असतो. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून ते पेशीत तयार होतं आणि त्यातली पहिली, सगळ्यात अवघड पायरी टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) पार पाडतं. या विकराचं जनुक बिघडलं की पुढचं सगळं काम थांबतं आणि प्राणी अल्बिनो, म्हणजे मेलॅनिन नसलेला, जन्मतो. पण हे एकच जनुक नाही. टायरोसिनेज तयार असूनही पेशीतल्या ज्या कणात रंग तयार होतो त्या रंगकणाच्या आतलं रासायनिक वातावरण बिघडलं तर रंग धरत नाही. ओसीए२ आणि एसएलसी४५ए२ ही जनुकं त्या कामाची. म्हणजे बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन अल्बिनो प्राणी आतून वेगळ्या कारणांनी अल्बिनो असू शकतात. अशा दोघांचं मीलन झालं तर पिल्लं चक्क नेहमीच्या रंगाची निघतात, कारण आईकडे नसलेलं चांगलं जनुक बापाकडून येतं आणि बापाकडे नसलेलं आईकडून.

उंदरांमधल्या अशा दोन जनुकांवरच्या प्रयोगांतून आनुवंशशास्त्राला एक मोठी गोष्ट सापडली. १९१५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांनी दाखवलं, की उंदरांत अल्बिनोपणाचं जनुक आणि 'गुलाबी डोळे, फिकट रंग' देणारं जनुक पुढच्या पिढीत बहुतेक वेळा जोडीने जातात, म्हणजे ती एकाच गुणसूत्रावर आहेत. सस्तन प्राण्यांतलं हे पहिलं उदाहरण. स्प्रंट त्याच वर्षी महायुद्धात मारले गेले. त्यातलं पहिलं जनुक म्हणजे टायरोसिनेजचं आणि दुसरं म्हणजे आपण आज ओसीए२ म्हणतो ते, हे पुष्कळ नंतर कळलं. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. विद्यार्थ्यांना मी ही हकीकत आवर्जून सांगते. पांढऱ्या उंदराकडे आपण प्रयोगशाळेतलं साधन म्हणून पाहतो, पण गुणसूत्रावर जनुकं कशी बसलेली असतात हे सस्तन प्राण्यांच्या बाबतीत सगळ्यात आधी त्यानेच सांगितलं.

तुमची दिवड पांढरीफटक नसून पिवळट-गुलाबी का, तेही यातच आलं. सापांच्या कातडीत मेलॅनिनच्या पेशींखेरीज पिवळा-लाल रंग धरणाऱ्या आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पेशीही असतात. मेलॅनिन गेलं तरी त्या शाबूत राहतात. म्हणून अल्बिनो सापाच्या अंगावर नक्षीही पुसट दिसते, फक्त काळ्याच्या जागी पिवळं-केशरी. सस्तन प्राण्यांत ही सोय नाही, त्यामुळे अल्बिनो ससा पूर्ण पांढरा होतो. डोळा लाल दिसतो तो आतल्या रक्तवाहिन्यांमुळे. त्यांना झाकणारं मेलॅनिन तिथे नसतं.

आता "हीच अशी कशी?" प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत चालू असली तरी रंग पुरेसा तयार होतो, म्हणजे बिघडलेली प्रत अप्रभावी असते. दिवडीचे आई-बाप दोघेही एकेक बिघडलेली प्रत घेऊन फिरत होते, दिसायला मात्र नाल्यातल्या इतर दिवडींसारखेच. अशा जोडीच्या अंड्यांत सरासरीने चारात एक अल्बिनो निघतो. दिवड डझनावारी अंडी घालते, म्हणजे तुमच्या दिवडीला अल्बिनो भावंडंही असणार. ती दिसली नाहीत, कारण सापाची बहुतेक पिल्लं, रंग कुठलाही असो, पहिल्या वर्षातच मरतात.

इथे जरा हिशेब करू या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर या हिशेबातच आहे. समजा, दिवडींच्या दर दहा हजार पिल्लांत एक अल्बिनो जन्मते. हा आकडा मी फक्त गणितासाठी घेतला आहे. दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे एकूण प्रतींपैकी शंभरात एक प्रत बिघडलेली असली पाहिजे. मग एकच बिघडलेली प्रत बाळगणारे, म्हणजे वाहक, किती? दहा हजारांत एकशे अठ्ठ्याण्णव. एका अल्बिनोमागे जवळजवळ दोनशे वाहक.

आता प्रती मोजा. एकशे अठ्ठ्याण्णव वाहकांमध्ये एकशे अठ्ठ्याण्णव, अल्बिनो पिल्लात दोन. एकूण दोनशे. घार, भारद्वाज, मुंगूस, ऊन, उपासमार, सगळ्यांनी मिळून ते एकुलतं अल्बिनो पिल्लू मारलं तरी दोनशेपैकी दोनच प्रती गेल्या. उरलेल्या एकशे अठ्ठ्याण्णव नेहमीच्या रंगाच्या अंगात सुखरूप. नैसर्गिक निवड शरीराकडे पाहते. कातडीचा रंग, डोळ्याची नजर, पळण्याचा वेग तिला दिसतो. पेशीत काय लिहिलंय ते तिला दिसत नाही. जे दिसतच नाही ते ती वगळणार कसं?

याचा वेगही काढता येतो. प्रत्येक पिढीतला प्रत्येक अल्बिनो पिल्लं होण्याआधीच मेला असं धरलं, म्हणजे निवड जितकी कठोर होऊ शकते तितकी, तरी बिघडलेल्या प्रतींचं प्रमाण शंभरात एकवरून दोनशेत एकवर यायला शंभर पिढ्या लागतात. दिवडीची पिढी तीन वर्षांची धरली तर तीनशे वर्षं. तीनशे वर्षांपूर्वी मुंबई सात वेगवेगळी बेटं होती आणि त्यांच्यामध्ये भरतीचं पाणी शिरत होतं. इतक्या काळात निवडीने काय साधलं? प्रमाण निम्मं केलं. पुढचं निम्मं करायला याच्या दुप्पट पिढ्या लागतील, कारण गुण जितका दुर्मीळ होतो तितका तो वाहकांमागे अधिक दडतो. तेवढ्या काळात नवी उत्परिवर्तनंही होत राहतात. जनुकाची नक्कल करताना पेशीकडून चुका होतातच आणि रंगाची जनुकं बिघडण्याच्या वाटा अनेक आहेत. एकीकडून निवड थोडं काढते, दुसरीकडून उत्परिवर्तन थोडं घालतं आणि कुठेतरी तोल जमतो. त्या तोलाची जागा शून्यावर कधीच नसते.

म्हणून "निसर्गाकडून राहून गेलं" असं मी म्हणणार नाही. हेच अपेक्षित आहे.

अल्बिनो दिसला की "प्रदूषणामुळे झालं" असं मुंबईत हमखास ऐकू येतं. एका प्राण्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. वरच्या हिशेबात प्रदूषणाची गरजच पडली नाही. अणुभट्टीचा अपघात झालेल्या चेर्नोबिलच्या परिसरातल्या माळभिंगऱ्यांत अंशतः पांढरी पिसं वाढल्याचं १९९७ मध्ये संशोधकांनी दाखवलं होतं, पण त्यासाठी त्यांनी तिथले आणि दूरच्या भागांतले पुष्कळ पक्षी, अपघाताच्या आधीचे नमुनेही, तुलनेला घेतले होते. तशी तुलना नसेल तर नाल्याला दोष देऊ नये. नाल्याला द्यायला दुसरे दोष भरपूर आहेत.

मुंबईच्या संदर्भात मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या बहुतेक बाजूंना शहर भिडलेलं आहे. रस्ते, भिंती, इमारती यांनी लहान प्राण्यांचे गट एकमेकांपासून तुटतात आणि नात्यातल्या नात्यात मीलन वाढतं. त्याने बिघडलेल्या प्रती वाढत नाहीत, पण त्या एकत्र यायला लागतात. वरचाच आकडा घ्या: चुलत-मामे भावंडांइतक्या जवळच्या नात्यात मीलन झालं तर अल्बिनो पिल्लाची शक्यता दहा हजारांत एकवरून सुमारे सातवर जाते. एका अल्बिनोने काही सिद्ध होत नाही. मात्र एकाच ठिकाणी वर्षामागून वर्षं दिसू लागले तर कान टवकारावेत, कारण रंगाबरोबर डोळ्यांना न दिसणारे इतर अप्रभावी दोषही तसेच एकत्र येत असतात.

आता रंग जिवावर बेततो का? बेततो, पण लोक समजतात त्या कारणाने नेहमीच नाही. "पांढरा म्हणून उठून दिसतो, म्हणून खाल्ला जातो" हे अर्धं उत्तर झालं. बगळे पांढरेच आहेत आणि मजेत जगतात. खरा घाव डोळ्यावर बसतो. दृष्टिपटलामागच्या थरात मेलॅनिन नसेल तर आत आलेला प्रकाश शोषला न जाता इकडेतिकडे पसरतो, भर उन्हात दिपायला होतं. त्याहून गंभीर म्हणजे, डोळा घडत असतानाच मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया लागते. ती नसली तर सस्तन प्राण्यांत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपैकी नेहमीपेक्षा जास्त तंतू विरुद्ध बाजूला वळतात. दोन्ही डोळ्यांची चित्रं नीट जुळत नाहीत आणि अंतराचा अंदाज चुकतो. झेप घेणाऱ्या शिकाऱ्यासाठी किंवा फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या माकडासाठी हे किती महाग पडतं बघा. पक्ष्यांचं तर जगणंच नजरेवर. लाल डोळ्यांचे खरे अल्बिनो पक्षी पूर्ण वाढलेले क्वचितच दिसतात. शिवाय मेलॅनिनमुळे पिसांना बळकटी येते, पांढरी पिसं लवकर झिजतात.

या बाबतीत साप नशीबवान. त्याचा मोठा भरवसा जिभेने टिपलेल्या वासावर असतो, बिळात आणि भेगांत दडून बसायची सवय असते. म्हणून पूर्ण वाढलेले अल्बिनो नाग, अल्बिनो दिवडी अधूनमधून सापडतात. तुमची दिवड पूर्ण वाढलेली असेल तर सगळ्यात बारीक चाळणीतून ती आधीच पार पडली आहे. गढूळ नाल्यात तिला मासे-बेडूक मिळवता आले, शत्रूही चुकवता आले. "सोडली तर बिचारी मरेल" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा. दूर, अनोळखी जंगलात नेऊन सोडली तर मात्र कुठलाही साप अडचणीत येतो, म्हणून जवळच सोडण्याचा आग्रह.

पांढऱ्या वाघाची तुलना सोसायटीतल्या कोणी केली, त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. पांढरा वाघ अल्बिनो नाही. त्याचे पट्टे काळसर असतात, डोळे निळे. २०१३ मध्ये कळलं, की एसएलसी४५ए२ या जनुकातल्या एका छोट्या बदलाने त्याचा फक्त पिवळा-तांबूस रंग जातो, काळा राहतो. हाही गुण अप्रभावी. १९५१ मध्ये रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी 'मोहन' नावाचा पांढरा बछडा पकडला. नेहमीच्या वाघिणीपासून त्याला झालेली सगळी पिल्लं पिवळी. मग त्याच्याच मुलीशी, राधाशी, त्याचं मीलन घडवलं आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्लं आली. पुढे देशोदेशीच्या संग्रहालयांत पांढरे वाघ हवेत म्हणून नात्यातलं मीलन पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं. तिरळे डोळे तर त्यांच्यात नेहमीचे. तंतूंची चुकलेली वळणं अल्बिनोंसारखी त्यांच्यातही सापडली आहेत. आपल्या बोरिवलीच्या उद्यानातला बाजीराव हा पांढरा वाघ २०१९ मध्ये वारला, तोवर कितीतरी मुंबईकर मुलांनी वाघ म्हणून त्यालाच पाहिलं असेल. प्राणी म्हणून त्यांच्यावर माझाही जीव आहे. पण रंगासाठी नात्यात मीलन लावणं याला मी संवर्धन म्हणायला तयार नाही. पाहणाऱ्यांच्या हौसेसाठी प्राण्याच्या शरीरावर लादलेलं ते ओझं आहे. तुमची दिवड पिंजऱ्यात गेली, लोकप्रिय झाली, की पुढचा प्रश्न "हिची जोडी लावायची का" हाच येतो. म्हणून माझा नकार. बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयातला प्रसिद्ध अल्बिनो गोरिला 'कोपितो दे निएवे' १९६६ मध्ये जंगलातून आणला गेला आणि २००३ मध्ये वारला. त्याच्या जनुकसंचावरून त्याचे आई-बाप जंगलातच एकमेकांचे जवळचे नातेवाईक होते हे उघड झालं. तेवढी माहिती मिळाली हे चांगलंच, पण त्यासाठी आज रक्ताचा एक थेंबही पुरतो.

दादरला दिसणारी पांढरी कबुतरं, अंगावर पांढरे ठिपके असलेले कावळे हेही बहुतेक अल्बिनो नसतात. डोळा पाहा. काळा असेल तर रंगपेशी त्या जागी पोहोचल्या नाहीत किंवा वयाने, आजाराने, खाण्यातल्या कमतरतेने पिसं पांढरी झाली. क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यात बसलेले लाल डोळ्यांचे पांढरे उंदीर मात्र खरे अल्बिनो. तिथे घार नाही, ऊन नाही, अन्न समोर येतं, म्हणून निवडीचा दाब जवळपास नाहीसा झाला आणि माणसाने तोच रंग निवडला.

दाब बदलला की उत्तर बदलतं, याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण मेक्सिकोतल्या गुहांमधलं आहे. तिथल्या अस्टियानॅक्स माशांच्या नदीतल्या जातभाईंना रंग आणि डोळे आहेत; अंधाऱ्या गुहांतले आंधळे, बिनरंगी. दोन वेगळ्या गुहांतल्या माशांत ओसीए२ हेच जनुक बिघडलं आहे, पण दोन्हीकडे बिघाड वेगळा, हे २००६ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे दोनदा, स्वतंत्रपणे, तेच घडलं. अंधारात रंगाचा उपयोग नाही म्हणून तो गळून पडला, इतकंच असेल? काही संशोधकांचं म्हणणं असं, की रंगासाठी न वापरलं गेलेलं टायरोसिन मज्जासंस्थेला लागणाऱ्या रसायनांकडे वळतं आणि कमी झोपून, सतत अन्न शोधणाऱ्या माशाला त्याचा फायदा होतो. तसं असेल तर नाल्यातल्या दिवडीला जो तोटा, तोच गुहेतल्या माशाला नफा.

काळा बिबट्याही असाच. त्याचा काळेपणाही अप्रभावी, दोन प्रती लागतात, कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या जंगलांत तो अधूनमधून दिसतो. पण मलय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातल्या घनदाट जंगलांत जवळपास सगळे बिबटे काळे आहेत. अप्रभावी गुण म्हणजे दुर्मीळ गुण, असं नाही. तो अंगावर उतरल्यावर त्या जागी कसा निभावतो, त्यावर पुढचं ठरतं.

तेव्हा ताई, सर्पमित्रांना सोडण्याआधी दोन-चार गोष्टी करायला सांगा: डोळ्याचा आणि अंगाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो, लांबीचा अंदाज, सापडल्याची तारीख आणि नाल्याचं ठिकाण. १८८३ पासून काम करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात अशा अल्बिनो प्राण्यांच्या नोंदी छापल्या जात आल्या आहेत. तुमचीही तिथे कळवा. अचूक ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका, वेगळ्या रंगाच्या सापांना काळ्या बाजारात गिऱ्हाईक असतं. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्या नाल्यात पिल्लं दिसली तर रंग बघून ठेवा. एखादं गुलाबी पिल्लू पुन्हा दिसलं तर मला नक्की लिहा, कारण मग तिथे वाहक किती असतील याचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.